थँक्यूचा डबा

गुलमंडी, औरंगाबाद
ता. ४ नोव्हेंबर १९४३

जोहराबेगम साहेबा यांस,

पत्र लिहिणारी बाई कोण, असा प्रश्न पडेल म्हणून आधी ओळख देते. मी द्वारका. मुलींच्या सरकारी शाळेत मी इंग्रजी शिकवत होते आणि शेवटी तिथली मुख्याध्यापिका होते. त्याच शाळेत आपण उर्दू शिकवत होता. मधल्या सुट्टीत आपण माझ्या खोलीत बसून माझा चहा पीत होता आणि त्यात साखर कमी आहे असं म्हणत होता. नोकरी संपून दोघी वजिफ्यावर गेल्यावरही आपण दर शुक्रवारी नवाबपुऱ्यातून चालत माझ्याकडे येत होता. एवढी ओळख पुरेशी असावी. गेल्या आठवड्यापर्यंत ती द्यावी लागत नव्हती.

आता कामाचं. दिवाळीचा फराळ मी नेहमीसारखा डब्यात भरून आपल्याकडे पाठवला. कंट्रोलच्या साखरेत काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून यंदा करंज्या गुळाच्या होत्या. चकल्या मात्र बिघडल्या नव्हत्या. दोन दिवसांनी दगडाबाईला डबा आणायला धाडलं. ती परत आली आणि ओट्यावर डबा ठेवून म्हणाली, "बाई, लई घासलाय. तोंड दिसंल असा. पर आत काय बी नाय. कागद हाय."

कागदावर दोन इंग्रजी शब्द होते. थँक यू. खाली नाव नाही, पण अक्षर मी ओळखते. आपल्या सूनबाई, म्हणजे राहत, माझ्याच वर्गात बसत होत्या. टी वरची आडवी रेघ त्या अजून वाकडीच काढतात.

त्या डब्याबद्दल मी आपल्याला काही सांगावं अशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं. तो डबा कुणाचा हे आज कुणालाच सांगता येणार नाही. आपण म्हणता तो आपल्या लग्नातला. मी म्हणते तो माझ्या आईचा. वाद कधी मिटला नाही, कारण मिटवायची गरज नव्हती. डबा ज्या घरी असेल त्या घरानं त्यात काहीतरी घालून तो पुढे पाठवायचा. माझी आई होती तोवर ईदला आपण त्यात कोऱ्या शेवया, खोबरं, खारीक, चारोळी अशी शिजवायची सामग्री पाठवत होता, म्हणजे आईला सोवळं न मोडता घेता यावं. आणि शिरखुर्मा मला शाळेत वेगळा खायला घालत होता. घरात काही नसेल तेव्हा चिमूटभर साखर. एकदा आपण दोन लिंबं पाठवली होती, त्यातलं एक किडकं होतं. त्याबद्दल मी आपल्याला बोललेही होते. पण रिकामा डबा इतक्या वर्षांत आला नाही आणि गेला नाही.

आपल्या घरी इंग्रजी आलं याचा मला आनंदच आहे. फक्त त्या शब्दाचा उपयोग कुठं होतो हे मला थोडं अधिक ठाऊक आहे. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात आम्हाला तो पावाच्या तुकड्यासाठी म्हणावा लागे. म्हटला नाही तर पाव पुढच्या मुलीला मिळे. हातावर पट्टी बसली तरी हात मागे घेण्याआधी म्हणावं लागे, थँक यू, सिस्टर. इथं छावणीत गोऱ्या मॅडम धोब्याला थँक यू म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की आता तू बाहेर जा. तुमच्याकडे शुक्रिया आहे, आमच्या पुस्तकांत आभार आहेत, आणि सरकारी अर्जात दोघांचीही मेहरबानी आहे. स्वयंपाकघरात यातलं काहीच आणायची आपली रीत नव्हती. घरातल्या माणसाला कुणी तसं म्हणत नाही. ज्याच्याशी व्यवहार संपवायचा, त्याला म्हणतात.

तेव्हा व्यवहार संपला असं मी समजू का, एवढंच कळवावं. दगडाबाई दारात थांबेल.

आपली,
द्वारका


गुलमंडी
ता. १९ नोव्हेंबर १९४३

जोहराबी,

दगडाबाई तुमच्या दारात बराच वेळ थांबली आणि तशीच परत आली. उत्तर न देणं हेही एक उत्तर असतं, हे मला कळतं. तरी लिहिते, कारण माझं बोलून झालेलं नाही.

आज मी नवाबपुऱ्याकडे गेले होते. तुमच्याकडे नाही. मला दोरा घ्यायचा होता, आणि दोरा गुलमंडीत चांगला मिळत नाही. तुमच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या नवाब कल्हईवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "वो लोग तो गए खुलताबाद, जब्बारभाईकडे. बैलगाडी केली होती. अंथरूण-पांघरूण सगळं नेलं." कधी येणार विचारलं, तर त्यानं भट्टीत कोळसा घातला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

भावाकडे जायला माझी ना नाही. पण गाव सोडून जाताना माणूस सांगून जातो. मी तुम्हाला एक पत्र लिहिलं, तर तुम्ही बिऱ्हाड हलवलंत. मी इतकी भयंकर बाई आहे हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत मुली घाबरत होत्या, पण कुणी घर सोडून पळाली नव्हती.

आमच्या शेजारच्या मनकर्णाबाईंकडे चार बायकांच्या देखत मी म्हणाले की जोहराच्या घरी आता मॅडमांचं राज्य आहे, तिथं फराळ पाठवला की पोचपावती मिळते. हे तुमच्या कानावर आलं असेल तर बरोबर आलं आहे. मी म्हणाले होते.

तुमच्या गल्लीत आज फार शांत होतं. तुमच्या इब्राहीमच्या कारखान्यातले मागही वाजत नव्हते. जुम्मा होता म्हणून कारागीर आले नसतील. तिथून जाताना ती खटखट ऐकायची सवय होती, म्हणून लक्षात आलं.

मला निरोप दिला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. हैदराबादेहून मोठे साहेब आले होते. त्यांनी इंग्रजीत भाषण केलं, खात्याच्या वतीनं माझ्या सेवेबद्दल थँक यू म्हणाले, आणि त्याच वेळी शिपायानं माझी खुर्ची उचलून दुसरीकडे नेली. टाळ्या संपल्यावर मी बसायला गेले, तर खाली काही नव्हतं. तुम्ही मागून हात धरलात म्हणून पडले नाही. वर माझ्या कानात म्हणालात, "बाई, आता तरी उभं राहायला शिका." मी हसले होते. साहेबांना वाटलं, त्यांच्या भाषणाला हसले.

आणि त्याआधीचं सांगते. इन्फ्लुएंझाच्या साथीत तू पडली होतीस. घरात दुसरं कुणी उभं नव्हतं. इब्राहीम तेव्हा नुकता बसायला लागला होता. मी त्याला उचलून घरी आणलं. आईनं पहिल्या दिवशी त्याच्यासाठी वेगळी ताटली काढली. पुढे त्यानं रांगत जाऊन तिच्याच ताटात हात घातला, आणि ती वेगळी ताटली कुठं गेली ते कुणी विचारलं नाही. तू बरी झालीस. भिंत धरत धरत आलीस. पोराला कडेवर घेतलंस, त्याची मांडी दाबून पाहिलीस आणि म्हणालीस, "तूप कमी घातलं वाटतं याला."

बस. एवढंच म्हणालीस. आई दिवसभर चिडली होती. मी चिडले नाही. मला वाटलं, आता ही खरंच बरी झाली.

त्या वेळी तू मला थँक यू म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं? कुणास ठाऊक. बहुतेक नमस्कार करून पोरगं हातात दिलं असतं आणि पुन्हा तुझ्या घरी गेले नसते.

दगडाबाईला शुक्रवारी चहाचे दोन कप मांडायची खोड लागली आहे. आजही मांडले. मी रागावले. दुसरा कपही मीच प्यायले. साखर मिळत नाही अशा दिवसांत चहा वाया घालवण्यात अर्थ नाही.

हे पत्र जब्बारभाईंच्या पत्त्यावर पाठवते आहे. पोचेल की नाही माहीत नाही.

द्वारका


गुलमंडी
ता. २६ डिसेंबर १९४३

जोहरा,

काल राहत आली होती. ती आली होती हे तुला ठाऊकच आहे, तूच पाठवलं होतंस. पण इथं काय बोलणं झालं ते ती तुला सगळं सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

इब्राहीमनं तिला दारात सोडलं आणि स्वतः आत आला नाही. म्हणाला, एका व्यापाऱ्याला भेटायचं आहे. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेलं पोर, माझ्या उंबऱ्यावरून परत गेलं. याचा हिशेब मी त्याच्याशी वेगळा करीन.

राहत बुरखा काढून बसली. फार वाळली आहे. मी विचारलं, खुलताबादची हवा मानवत नाही का? ती म्हणाली, मानवते. दगडाबाईनं चहा आणला. तिनं कप घेतला आणि सवयीनं तिचे ओठ हलले. मी म्हटलं, "खबरदार, तो शब्द इथं काढलास तर."

तिनं कप खाली ठेवला आणि रडायला लागली. मला रडणाऱ्या मुली आवडत नाहीत. शाळेतही मी त्यांना हौदावर पाठवत असे. पण हिला कुठं पाठवणार? मग तिनं एकेक करून सगळं सांगितलं.

लढाईमुळे रेशीम येत नाही हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. जरीची कलाबतू मिळत नाही हेही वाचलं होतं. पण ते वाचताना इब्राहीमचे माग माझ्या डोळ्यांपुढे आले नाहीत. राहत म्हणाली, श्रावणापासून एक एक करून माग थांबले. कारागीर गेले. दसऱ्याच्या सुमाराला शेवटचा थांबला. तुझा एकटीचा वजिफा आणि खाणारी तोंडं एवढी. घरातलं काय काय गेलं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुझ्या हातातल्या बांगड्या ईदला नव्हत्या, हे मला आत्ता आठवतं आहे. मी तेव्हा विचारलं होतं. तू म्हणालीस, टोचतात.

आणि त्या सगळ्या महिन्यांत तू दर शुक्रवारी माझ्याकडे येऊन माझ्या चहात साखर कमी आहे म्हणत होतीस.

दगडाबाई डबा मागायला आली त्या दिवशी तू घरी नव्हतीस. तू खुलताबादला जब्बारभाईंना विचारायला गेली होतीस, की घेशील का आम्हाला. राहत एकटी होती. दारात दगडाबाई उभी, "बाईंनी डबा मागितलाय व्हय." राहत आत गेली. एकेक डबा उघडला. साखर नाही, गूळ नाही, शेवयांचा चुराही नाही. मडक्यात थोडी ज्वारी होती आणि मिरच्या.

मी म्हटलं, "मग मूठभर ज्वारी घालायचीस."

ती म्हणाली, "ज्वारी घातली असती तर तुम्हाला कळलं असतं, बाई."

मी म्हटलं, "कळू द्यायचं होतंस."

"अम्मींनी शपथ घातली होती. कुणाला कळू द्यायचं नाही. तुम्हाला तर मुळीच नाही."

मग तिनं काय केलं, तर डबा घासला. एकदा घासला, पुन्हा घासला, चिंच लावून पुन्हा घासला. दगडाबाई बाहेरून हाका मारते आहे आणि ही आत डबा घासते आहे, कारण दुसरं काही देता येत नव्हतं. शेवटी कागद घेतला. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्हीच वर्गात सांगितलं होतं, बाई. कुणी काही दिलं आणि परत द्यायला आपल्याजवळ काही नसेल, तर निदान हे म्हणावं."

मी असं सांगितलं असेलही. वर्गात माणूस पुष्कळ सांगतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, ते मुलींना सांगावं लागतं. त्यावर घर चालवायचं असतं असं मी कुठंही म्हटलेलं नाही. पण एक खरं, की इतक्या वर्षांत माझ्या वर्गातल्या एका तरी मुलीनं मी शिकवलेला शब्द गरज पडली तेव्हा वापरला. तो नेमका माझ्याच डब्यात यावा, याला काय म्हणायचं?

माझं पहिलं पत्र तू वाचलंस, तेव्हा तुला पहिल्यांदा कळलं म्हणे की डबा रिकामा गेला. राहत म्हणाली, तू तिला रागावली नाहीस. पत्राची घडी घातलीस आणि म्हणालीस, "सामान बांधा." मला उत्तर द्यायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगण्यापेक्षा गाव सोडणं तुला सोपं वाटलं.

आता माझा राग ऐक. तो गेलेला नाही, फक्त दुसरीकडे वळला आहे. मी तुझी इन्स्पेक्ट्रेस होते का, की माझ्यापुढे सगळं टापटीप दिसायला हवं होतं? मी पडताना तू मला धरायचं, आणि तुझं घर पडताना मी पाहायचंही नाही, हा कुठला न्याय? मुळीच नाही म्हणे. इतरांना कळलं तर चालेल, मला मुळीच नाही. त्या दोन इंग्रजी शब्दांनी मला जेवढी परकी केली नव्हती, तेवढी या एका शपथेनं केलीस. राहत पोर आहे. तू पोर नव्हतीस.

मनकर्णाबाईंकडे मी जे बोलले, ते आज सकाळी तिथंच जाऊन पुसून आले. काय सांगितलं ते तुला कळवणार नाही. तुझ्या घरातलं काही सांगितलं नाही, एवढं समज.

निघताना राहत दारात घुटमळली. म्हणाली, "अम्मींचा एक निरोप आहे. कसा सांगू?" मी म्हटलं, जसा आहे तसा सांग. तर म्हणाली, "अम्मी म्हणाल्या, डबा आमचा आहे. तो मागून आण."

जोहरा, दोन महिन्यांत मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

डबा मी दिला नाही. तो माझ्या आईचा आहे. आणि दुसरं म्हणजे तो आत्ता रिकामा आहे, आणि रिकामा डबा मी कुणाच्या घरी पाठवत नाही.

द्वारका


गुलमंडी
ता. १३ जानेवारी १९४४

जोहरा,

हे पत्र डब्यात वरती ठेवते आहे. तुपाचा डाग पडला तर पडू दे. डबा इब्राहीमच्या हाती देते. तो काल आला आहे, आज परत निघतो आहे. या वेळी आत आला, कारण मी रस्त्यावर उभी राहून हाक मारली आणि गुलमंडीतल्या सगळ्या दुकानदारांनी मागे वळून पाहिलं. त्याला जेवायला बसवलं. आधी नको नको म्हणाला, मग आईच्या जागेवर बसून जेवला. माझ्याशी नीट बोलला. माग पुन्हा कधी चालतील ते त्याला माहीत नाही. जब्बारभाईंच्या शेतात काम करतो, हात सोलवटले आहेत. विणणाऱ्याचे हात असे व्हायला नकोत. पण तो म्हणाला, "मौसी, हात आहेत तोवर ठीक आहे." मी त्याला आणखी तूप वाढलं.

तुमच्या गावात मुलींच्या शाळेत एक जागा आहे असं तो म्हणत होता. राहतला पाठव. कुणी विचारलं तर सांग की ती माझ्याकडे शिकली आहे. माझं नाव अजून त्या खात्यात थोडीफार भीती निर्माण करतं, ते वाया घालवू नकोस. आणि यात संकोच करायचं कारण नाही, टी वरच्या रेघेसाठी मी तिला अजून रागावणारच आहे.

उद्या संक्रांत. डब्यात गुळाच्या पोळ्या आहेत. गूळ मिळाला, पण हवा तेवढा नाही मिळाला. तूप भरपूर आहे, त्याला कंट्रोल लागलेला नाही. पोळ्या माझ्या आईच्या रीतीच्या आहेत आणि शिजवलेल्या आहेत. कोरी सामग्री पाठवायचे दिवस आईबरोबर गेले. आता तूही मला शिजवलेलंच पाठवत जा, जेव्हा घरात असेल तेव्हा. नसेल तेव्हा नको.

पुढच्या शुक्रवारी डबा न्यायला मी स्वतः येते आहे. कोळशाच्या गॅसवरची ती मोटार दौलताबादपर्यंत बरी चालते म्हणतात. पुढे घाटात उतारूंना खाली उतरून ढकलावी लागते. मी ढकलणार नाही. मी आत बसून राहीन आणि ढकलणाऱ्यांना कसं ढकलायचं ते सांगीन. दगडाबाई बरोबर येते आहे. तिला दर्ग्याच्या बाजारातून बांगड्या घ्यायच्या आहेत. मुक्काम करीन असं समज. अंथरूण बरोबर आणते, तुमच्याकडचं हलवू नका.

आता डब्याचं नीट ऐक, राहतलाही वाचून दाखव. पोळ्या संपल्या की डबा रिकामा ठेवायचा. त्यात साखर घालायची नाही, ज्वारी घालायची नाही, जब्बारभाईंच्या शेतातला हरभरा घालायचा नाही. कागद तर नाहीच नाही. आणि घासायचा नाही. पाण्यानं विसळायचाही नाही. तूप लागलेला, आत गुळाचे कण चिकटलेले, जसा असेल तसा खरकटा माझ्या हातात द्यायचा. हे आईनं ऐकलं असतं तर तिनं मला चुलीपुढे उभं केलं नसतं. पण घरातला डबा घरातल्याच घरात या खोलीतून त्या खोलीत जातो, तेव्हा मध्ये कुणी त्याला घासत बसत नाही.

मी आले की दारात माझं स्वागत वगैरे करू नकोस. मी बसेन, तू समोर बस. मी विचारीन, पोळ्या कशा होत्या. त्यावर तू काय म्हणायचंस ते तुला ठाऊक आहे. गूळ कमी पडला आहे, मी चाखून पाहिलं आहे.

ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

द्वारका